सगुणेची वेगळी चूल

कळंबटेवाडीत सगुणा नावाच्या बायका तीन. एक विहिरीकडची, एक दुकानवाल्याची, आणि तिसरीला पुढे सगळी वाडी निराधार सगुणा म्हणू लागली. हे नाव कुणी कुचेष्टेनं ठेवलं नव्हतं. पोस्टमन हाशिमभाई महिन्याच्या दहा-बारा तारखेला सायकल ढकलत सड्यावर यायचा आणि अंगणाच्या दगडी गडग्यावरून हाक मारायचा, "निराधारवाली सगुणाबाय घरात हाय काय?" त्यातून ते पडलं आणि चिकटलं.

पण नाव पडलं तेव्हा सगुणा निराधार नव्हती. हे आधी सांगायला हवं.

मालगुंडच्या वरच्या अंगाला, घाटी चढून गेलं की सडा लागतो, उघड्या कातळाचं पठार. तिथे पंचवीसेक घरांची ही वाडी. सगुणा लग्न होऊन आली तेव्हा घरात दोघे भाऊ, थोरला दादू आणि धाकटा बाळा. सगुणा बाळाची. दादूची बायको काशी. चूल एक, जातं एक, शिव्या देणारी सासू एक. बापानं मागे दोन खाचरं आणि दीड-दोन एकर कातळ ठेवला होता. सातबाऱ्यावर नाव दादूचं, थोरला म्हणून, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून. बाळाचं नाव कुठंच नव्हतं आणि बाळाला त्याचं काही वाटतही नव्हतं. भावाच्या नावावर काय आणि आपल्या नावावर काय, भात एकाच कणगीत पडत होतं.

पुढे सरकारची फळबागेची योजना आली. खड्डे मारा, कलमं लावा, जगवा, सरकार पैसे देतं. दादूला पटेना. कातळावर आंबा? पण बाळानं हट्ट धरला. सुरुंगाचे बार काढून बावीस खड्डे मारले. खालच्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठची माती डोक्यावरून वाहून भरली. माती वाहिली सगुणेनं आणि बाळानं. त्यांची मुलगी उमा तेव्हा दोन वर्षांची होती, तिला काशी सांभाळायची. कलमं लागल्यावर तीन उन्हाळे सगुणेनं पाणी घातलं, दर झाडाला एक कळशी, एक दिवसाआड बावीस कळशा, आणि विहीर घाटीच्या निम्म्यावर. बावीसच्या बावीस कलमं जगली. तपासणीला आलेल्या साहेबानं हात जोडले होते तिला.

त्या योजनेचे पैसे दादूच्या नावावर आले, कारण जमीन दादूच्या नावावर. दादूनं ते आणून देवापुढे ठेवले आणि बाळाला म्हणाला, "घे. तुज्या घामाचे हायत." त्यातून घरावर नवी कौलं आली, एक बैल आला, दोघी जावांना एकाच थानातली लुगडी आली. सरकारचा पैसा असाही येतो, हे त्या घरानं पाहिलं होतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात बाळा मालगुंडच्या एका बागेत आंबे काढायला गेला होता. मजुरीनं. आंबे उतरवायची जाळीची घळ घेऊन तो फांदीवर सरकला, फांदी मोडली. तिसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या दवाखान्यात तो गेला. सगुणा बत्तीस वर्षांची होती, उमा आठ.

तेराव्याला पाहुणे पांगायच्या आत दादू ओटीवर बसून सगळ्यांदेखत म्हणाला, "माजे दोन नाय, आता तीन पोरं. ज्याला काय बोलायचा असंल त्यानं आत्ताच बोलावा." आणि दादूनं वर्षभर शब्द पाळला, हेही खरं.

मग चुकलं कुठं? सगुणेनं पुढे कितीदा तरी हा धागा मागे ओढून पाहिला. तो दर वेळी एका पेन्सिलीशी येऊन थांबायचा.

बाळा होता तोवर मजुरीचे चार पैसे तिच्या कनवटीला असत. तो गेल्यावर प्रत्येक गोष्ट काशीकडे मागायची. उमाला पेन्सिल हवी, काशीकडे. खोबरेल हवं, काशीकडे. काशी नाही म्हणायची नाही. फक्त विचारायची, "कश्याला?" पेन्सिल कशाला लागते हे काय सांगायचं? सगुणा सांगायची, काशी द्यायची. पण तो 'कश्याला' सगुणेच्या घशात काट्यासारखा राहायचा.

एक दिवस विहिरीवर खालच्या वाडीची गंगुबाई भेटली. म्हातारी, कुणी नसलेली. तिनं पदराची गाठ सोडून दाखवली. "सरकार देतंय गो. म्हयन्याला शंबर. निराधार बायकांना. तू काय थांबलंयस? जा, लिहून दी."

सगुणा चौथी पास होती, सही करत होती. तिनंच विषय काढला. दादू भडकला.

"निराधार? माज्या घरात ऱ्हाऊन निराधार? लोक काय म्हनतील? दादू कळंबट्यानं भावजय वाऱ्यावर सोडलान!"

"लोक काय शंबर रुपये देनार हायत?" काशी चुलीपुढून म्हणाली. "घरात येतील, घरातच ऱ्हातील. पोरीच्या साळंला व्हतील."

"भाऊजी, कागदावरच तर लिवायचा हाय," सगुणा म्हणाली. "कागद काय घरात बोलायला येतो?"

हे वाक्य तिचं होतं. दुसऱ्या कुणाचं नव्हतं. पुढे रागाच्या भरात ती काशीला, दादूला, सरकारला, दैवाला काय काय बोलली. पण एकटी असली की हे वाक्य तिला आठवायचं आणि तोंड बंद व्हायचं.

अटी तीन होत्या. बाईला जमीन नसावी. तिची चूल वेगळी असावी. तिला सांभाळणारं कुणी नसावं. रत्नागिरीला जाऊन स्टँप पेपरवर लिहून घेतलं, लिहिणाऱ्यानं भराभर वाचून दाखवलं: 'माझे पतीचे नावे अगर माझे नावे कोणतीही शेतजमीन नाही. दीर श्री. दादू यांचे जमिनीत माझा कोणताही हक्क-हिस्सा नाही. मी विभक्त राहत असून माझा सांभाळ कोणीही करत नाही.' सगुणेनं सही केली. जमिनीचं वाक्य तिला खोटं वाटलंसुद्धा नाही. सातबाऱ्यावर बाळाचं नाव खरंच नव्हतं.

राहिली चूल. तलाठी चौकशीला येणार असा निरोप आला, तशी काशीनं पदर खोचला. पडवीत तीन चिरे मांडून चूल केली, शेणानं सारवली. नवी चूल नवी दिसते म्हणून आतल्या चुलीतली राख आणून पसरली. काजळलेलं एक मडकं वर ठेवलं. दोरीवर सगुणेचं एक लुगडं, कोपऱ्यात उमाची पाटी.

"दिसतंय काय गो निराधार?" काशीनं लांब उभं राहून विचारलं.

"लय दिसतंय," सगुणा म्हणाली, आणि दोघी जावा पोट धरून हसल्या. बाळा गेल्यापासून सगुणा पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

तलाठी आला, बरोबर पंच म्हणून गावातले दोघे मेंबर. त्यानं मडक्यात डोकावून पाहिलं, वहीत काही लिहिलं. मग विचारलं, "बाई, दीर सांभाळतात का तुम्हाला?"

दादू दहा हातांवर गडग्याशी उभा होता. दगड नीट बसवल्यासारखं करत होता.

"नाय," सगुणा म्हणाली.

"मोठ्यानं सांगा. हे दोन पंच आहेत, त्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"नाय सांभाळत."

"जेवायला वगैरे देतात?"

सगुणेनं गडग्याकडे पाहिलं. दादूनं पाठ केली होती.

"काय देत नाय," ती म्हणाली.

त्या दुपारी दादू जेवला नाही. काशीनं ताट वाढलं, तर म्हणाला, "भूक नाय." खरं तर ठरवून केलेलं नाटक होतं ते. पण चारचौघांत, आपल्याच पडवीत, आपल्याच भावजयीच्या तोंडून ते ऐकणं त्याला जड गेलं असणार. हे सगुणेला फार उशिरा कळलं.

चार-सहा महिन्यांनी पहिली मनिऑर्डर आली. तीन महिन्यांचे एकदम. हाशिमभाईनं ओटीवर बसून नोटा दिल्या आणि म्हणाला, "बाय, सही करतंस ना? मग आंगठा कश्याला? दी सही." सगुणेनं सही केली. दुसऱ्या दिवशी मालगुंडला उतरून तिनं उमाला चपला घेतल्या, पेन्सिलींचा अख्खा पुडा घेतला, काशीच्या पोरांना गोळ्या घेतल्या, काशीला बांगड्या. उरलेले पैसे काशीच्या हातात ठेवले. काशीनं त्यातले निम्मे परत दिले. "ठेव तुज्याकडं. तुजे हायत."

त्या पैशांनी तिचं चालणं बदललं. खोटं कशाला सांगा, ते दिवस सुखाचे होते. बाजारात दुकानदारानं 'काय देऊ?' असं तिला विचारावं, आणि तिनं आधी भाव विचारावा, मग नको म्हणावं, मग पुन्हा वळून घ्यावं. शंभर रुपयांत काय येतं, असं शहरातला माणूस विचारील. शंभर रुपयांत कुणाला 'कश्याला' सांगावं लागत नाही, एवढं येतं.

पण पडवीतली चूल मोडता येईना. तलाठी जाताना सांगून गेला होता, केव्हाही कुणी तपासायला येईल. म्हणून ती राहिली. राहिली तर रोज राख असायला हवी, म्हणून सगुणा तिच्यावर सकाळचा चहा करू लागली. मग उमाची शाळा लवकर, म्हणून तिची भाकरी. एका पावसाळी दिवशी आत लाकडं ओली होती, काशी म्हणाली, "आज तुजा तिकडंच शिजव ना." त्यात राग नव्हता. दुसऱ्या दिवशी लाकडं सुकली होती. पण सगुणेनंही आत जाऊन विचारलं नाही, आणि काशीनंही हाक मारली नाही.

कागदासाठी रेशनकार्ड वेगळं झालं. साखर, रॉकेल वेगळं. भात घरचं होतं, पहिल्या वर्षी काशीनं कणगी उघडी ठेवली, दुसऱ्या वर्षी मापून दिलं, तिसऱ्या वर्षी मापताना म्हणाली, "तुला सरकार पन देतंय गो. आमाला कोन देतंय?" शिमग्याला पालखीच्या वर्गणीचा फाळा काढताना गावकऱ्यांनी चुलीमागं पन्नास रुपये ठरवले आणि सगुणेकडे वेगळे मागितले. ती दादूकडे बघत राहिली. तो म्हणेल, आमचं एकच घर आहे. दादू विडी पेटवत होता. म्हणाला नाही.

याच सुमारास कलमांनी फळ धरलं. पहिल्या मोहोराला सगुणा सड्यावर गेली आणि एकेका झाडाशी उभी राहिली. बावीस झाडं, आणि प्रत्येकाची मुळं कुठल्या मातीत आहेत हे तिला ठाऊक. पहिल्या वर्षी दादूनं तिला चार डझन आंबे दिले. पुढच्या वर्षी त्यानं बाग करारानं एका व्यापाऱ्याला दिली. पैसे आले. सगुणा वाट बघत राहिली, मग स्वतःच गेली.

"भाऊजी, त्यातला उमाच्या नावानं काय तरी..."

"पुडल्या वर्षी बघू," दादू म्हणाला. "थोरल्याला रिक्षा घ्यायची हाय."

व्यापाऱ्याला पेट्या वाहायला बायका लागत. दिवसाची मजुरी मिळे. सगुणा गेली, काय करणार? आपण लावलेल्या झाडाखालून आंब्याची पेटी डोक्यावर घेऊन घाटी उतरायची आणि संध्याकाळी मुकादमाकडून हजेरी घ्यायची. तो मुकादम तिला म्हणायचा, "बाय, जपून, आपल्या बागेतला माल समजून उचल."

दर वर्षी रत्नागिरीला जाऊन हयातीचा दाखला द्यायचा, आणि परत तेच लिहून द्यायचं: जमीन नाही, हक्क नाही, सांभाळणारं कुणी नाही. शंभराचे अडीचशे झाले. कागद दर वर्षी तोच होता. पण त्यातलं एकेक वाक्य दर वर्षी थोडं थोडं खरं होत चाललं होतं.

मग आरे-वाऱ्याकडून समुद्राकाठचा रस्ता होणार अशी बोलवा उठली. गणपतीपुळ्याला येणाऱ्या गाड्या वाढल्या. ज्या कातळावर गुरं चरायला न्यायची लाज वाटायची, तिथून समुद्र दिसतो हे मुंबईकरांना कळलं. दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर पांढरी गाडी घेऊन एक पार्टी आली. दादूनं त्यांना सडा दाखवला. त्यांनी आंब्याची झाडं पाहिली नाहीत, पलीकडचं पाणी पाहिलं.

खरेदीखत झाल्याचं सगुणेला दुकानवाल्याच्या सगुणेकडून कळलं. ती तशीच घरी आली. दादू ओटीवर सुपारी कातरत होता, काशी सुपात तांदूळ निवडत होती.

"सडा इकलात?"

दादूचा अडकित्ता चालूच राहिला. काशी म्हणाली, "त्यांच्या नावावर हाय, त्यांनी इकला."

"ती कलमा कोनी लावली? पानी कोनी घातला?"

"पान्याची मजुरी मागतंस काय आता?" काशीचा आवाज चढला. "सरकारदरबारी आमची अब्रू घालवलीस. दीर सांभाळत नाय म्हनून गावभर सांगितलंस. आनि जमिनीत मात्र हिस्सा पायजे?"

"तूच रचलंस ती चूल वैनी! तूच राख आनलंस!"

काशीच्या हातात सूप तसंच राहिलं. सगुणा दादूकडे वळली.

"भाऊजी, तुमी मला सांभाळत व्हता. नाय सांभाळत म्हनून मी लिवून दिलं, तेवा ता खोटा व्हता. तुमाला ठाव, मला ठाव. मग आता ता खरा कोनी केला?"

दादूनं अडकित्ता मिटला. मग म्हणाला, "त्या दिवशी तू तलाठ्याला बोललंस ना, काय देत नाय म्हनून. मी गडग्याशी व्हतो. वर्सभर पोटच्या पोरीसारखी ठेवली व्हती तुला." एवढं बोलून तो उठून आत गेला.

सगुणेला तेव्हा कळलं, की त्या माणसाला ते नाटक नाटक वाटलंच नव्हतं. तेवढ्या एका शब्दाचा सल धरून तो इतकी वर्षं बसला होता. की विकण्यासाठी आता ते निमित्त सापडलं होतं? दोन्ही असेल. माणसाला स्वार्थाला टेकू म्हणून एखादं खरं दुःख सापडलं, की मग त्याला कुणी हलवू शकत नाही.

तिनं हरकत घेतली. सातबाऱ्यावर खरेदीची नोंद मंजूर होण्याआधी अर्ज दिला, की ही जमीन एकत्र कुटुंबाची, माझ्या नवऱ्याचा निम्मा हिस्सा. अर्ज उमानं लिहिला. ती तेव्हा अकरावीत होती, नर्सिंगला जायचं म्हणत होती. सुनावणीला दोघी रत्नागिरीला गेल्या. साहेब वाईट नव्हता. त्यानं बसायला सांगितलं, पाणी मागवलं. दादूच्या वकिलानं एक फाईल पुढे केली.

"बाई, ही सही तुमची?"

"व्हय."

"ही?"

"व्हय."

"आणि ही मागच्या वर्षाची?"

आठ कागद होते. साहेबानं एक उचलून वाचला: 'दीर श्री. दादू यांचे जमिनीत माझा कोणताही हक्क-हिस्सा नाही.' मग चष्मा काढला. "बाई, हे तुम्हीच लिहून दिलंय. एकदा नाही, आठदा. प्रतिज्ञेवर."

"ता अनुदानासाठी लिवला, साहेब. तसा लिवल्याबिगर देत नव्हते."

"म्हणजे खोटं लिहिलं?"

खोटं म्हटलं तर काय होईल हे वकिलाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. उमानं तिचा हात घट्ट धरला.

"तेवा खोटा व्हता," ती म्हणाली.

साहेबानं मान हलवली, कीव आल्यासारखी. हरकत फेटाळली. कोर्टात जा म्हणाला. बाहेर आल्यावर एका वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला, दहा वर्षं धरा, आणि आधी पाच हजार.

ती परत आली, पडवीत राहिली. निदान अडीचशे रुपये आहेत, तेवढ्यात उमाचं बारावीपर्यंत निघेल, असा तिनं हिशेब केला.

दोन महिने मनिऑर्डर आली नाही. तिसऱ्या महिन्यात हाशिमभाई सायकल ढकलत वर आला. त्याच्या हातात नोटा नव्हत्या, एक पाकीट होतं. तो नेहमीसारखा ओटीवर न बसता उभा राहिला. "मनिआर्डर नाय, बाय. ह्यो कागद आयलाय. म्हटला आपनच नेऊन देवावा."

उमानं वाचलं. 'सदर लाभार्थीने शेतजमिनीत स्वतःचा हिस्सा असल्याचे सक्षम अधिकाऱ्यासमोर कथन केले असल्याने त्या निराधार या व्याख्येत बसत नाहीत. सबब अनुदान बंद करण्यात येत आहे.'

"काय म्हनतंय?" सगुणेनं विचारलं.

उमानं पुन्हा वाचलं. मग कागद घडी करून म्हणाली, "आये, म्हनतायत की तुला जमीन हाय."

एका टेबलानं सांगितलं तू निराधार, म्हणून जमीन तुझी नाही. दुसऱ्या टेबलानं सांगितलं तू जमीन मागितलीस, म्हणून तू निराधार नाहीस. दोन्ही टेबलं एकाच आवारात होती, मध्ये एक जिना. सगुणा महिनाभर त्या जिन्यावरून वरखाली करत होती. कुणीही तिच्याशी उद्धट बोललं नाही. सगळे तिला कागद वाचून दाखवत होते.

सात सालच्या पावसाळ्याआधी तिनं पडवी सोडली. काशी दारात आली. "ऱ्हा ना गो. जा कोन सांगितलान?" असं म्हणाली खरी, पण पिशवी काही तिनं धरली नाही. दादू शेतावर गेला होता, किंवा गेला असं सांगितलं.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली मिळाली. सकाळी बोटी लागल्या, लिलाव उरकला, की शेडमध्ये कोळंबी सोलायला बायका बसतात. सगुणा त्यांच्यात बसू लागली. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून ठेवायची, किलोवर पैसे. सड्यावरच्या बाईला मासळीचा वास नवा नव्हता. पण बर्फ नवा होता. पहिल्या महिन्यात नखं काळी पडली, दुसऱ्यात दुखायची थांबली. उमा बारावी झाली. नर्सिंगची फी भरता आली नाही. ती बाजारपेठेत मोबाईलच्या दुकानात कामाला लागली आणि दुकानाच्या मालकिणीनं दिलेला ड्रेस घालून रोज हसतमुखानं उभी राहू लागली.

नऊ सालाच्या अखेरीस सगुणेच्या बोटांची कातडी सोलवटून आत घाव पडले. डॉक्टर म्हणाला, पाण्यात हात घालू नका. कोळंबी सोलणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे श्वास घेऊ नका सांगण्यासारखं. उमानंच कुठून तरी निराधारचा फॉर्म आणला. "आता पाचशे झालेत. आये, आता तर तू खरीच बसतंस त्यात. जमीन नाय, घर नाय, दीर नाय. यात खोटा काय हाय?"

उमा फॉर्म भरत बसली. नाव, वय, नवऱ्याच्या मृत्यूची तारीख. एकेक रकाना ती मोठ्यानं वाचत होती आणि लिहीत होती. मग थांबली.

"काय झाला?"

"काय नाय." उमानं पेन खाली ठेवलं. "मुलगी सज्ञान असल्यास सांभाळ करते काय, असं विचारलंय."

"मग लिव. नाय करत."

"तसा कसा लिवू?"

"तसाच लिवायचा असतो," सगुणा म्हणाली. "आनि तलाठी तुला म्होरं उभी करून मला इचारील. मोठ्यानं सांग म्हनंल. मी सांगन, नाय सांभाळत म्हनून. तू ऐकशील."

"नाटकच हाय ना ता, आये."

सगुणेनं दुखऱ्या बोटांनी तो फॉर्म ओढून घेतला, नीट घडी घातली आणि उमाच्या पुस्तकांत ठेवून दिला.

"ऱ्हाऊदे," ती म्हणाली.

उमानं बराच वेळ वाद घातला. औषधाचं काय, भाड्याचं काय, माझ्या एकटीच्या पगारात कसं भागायचं. सगळं खरं होतं. शेवटी उमा चिडून, रडून, तोंड फिरवून बसली. सगुणेनं भात उतरवला, दोन ताटल्यांत वाढला आणि तिला हाक मारली. सोमवारपासून ती हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून पुन्हा शेडमध्ये जाऊन बसली.